किनाऱ्याला सजवू नका

समुद्रकिनाऱ्यावर जाऊन माणसं नेमकं काय करतात याची यादी करायला बसलं, तर ती दोन ओळींत संपते. चालतात, बसतात, पाय भिजवतात, वाळूत उकरतात, सूर्य बुडाला की परत फिरतात. धाडसी असतील ती लाटांत शिरतात, बाकीची काठावरून त्यांना हाका मारतात. एवढ्यासाठी माणसं रात्रभराचा प्रवास करून येतात, कपड्यांत वाळू घेऊन घरी जातात आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा तिकडेच निघतात. तिकीट लावून दाखवावं असं तिथे काही नसतं. बघायचं म्हणजे पाणी, आणि तेही मघाचंच पुन्हा येणारं.

किनाऱ्यांचा कारभार ज्यांच्या हाती असतो त्यांना ही उणीव वाटते. 'इथे पर्यटकांसाठी काहीच नाही' या वाक्याने किनारा-विकासाचा आराखडा सुरू होतो आणि मग ते 'काहीतरी' आणलं जातं. फरसबंद पदपथ येतो, कठडा येतो, रंगीत दिव्यांचे खांब येतात, फोटोसाठी गावाच्या नावाची भली मोठी अक्षरं उभी राहतात, वाहनतळ होतो, शेवटी खुर्च्या-छत्र्यांच्या रांगा लागतात. माझं म्हणणं असं की माणसं किनाऱ्यावर येतात ती तिथे काहीच नसतं म्हणूनच. आणि हे काहीच नसणं आपोआप टिकत नाही. त्यासाठी एक हक्क शाबूत असावा लागतो आणि वाळूला हलायला मोकळीक लागते. सुशोभीकरण या दोन्हींवर घाव घालतं, म्हणून ते थांबवलं पाहिजे.

आधी एक जुना समज बाजूला ठेवू. समुद्राची हवा अंगाला चांगली म्हणून माणूस तिकडे ओढला जातो, हे स्पष्टीकरण मुख्यतः वैद्यांनी विकलेलं आहे. इंग्लंडमधल्या रिचर्ड रसेल या डॉक्टरने १७५० साली गाठींच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपचार सांगणारा लॅटिन प्रबंध लिहिला. त्या पाण्यात नुसतं डुंबायचं नव्हतं, ते प्यायचंही होतं. ब्रायटन हे तेव्हा मच्छीमारांचं गाव होतं. रसेल आणि त्याच्या मागून आलेल्या रुग्णांनी त्याचं श्रीमंतांच्या हवापालटाचं ठिकाण करून टाकलं. त्या काळचं समुद्रस्नान म्हणजे चाकं लावलेल्या लाकडी खोलीत बसायचं, घोड्याने ती पाण्यात ओढून न्यायची, आणि आतून हळूच उतरून सांगितल्याप्रमाणे बुचकळ्या मारायच्या. मौजेचा त्यात फारसा भाग नसावा.

एकोणिसाव्या शतकात समुद्राच्या हवेत ओझोन असतो आणि तो छातीभर ओढून घ्यावा, अशी समजूत पसरली. लोक ज्याला ओझोनचा वास समजत होते तो बराचसा डायमिथाइल सल्फाइड या वायूचा असतो. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती आणि शेवाळ मेलं, जिवाणूंनी त्यातली द्रव्यं फोडली, की तो सुटतो. डोळे मिटून आपण जो खोल श्वास घेतो तो बऱ्याच अंशी कुजण्याचा असतो, आणि तरी बरं वाटतं. हल्ली ओझोनची जागा हवेतल्या ऋणभारित आयनांनी, म्हणजे विजेचा ऋण भार असलेल्या सूक्ष्म कणांनी, घेतली आहे. नाव बदललं, भाबडेपणा तोच.

आरोग्याला फायदा अजिबातच नाही असं नव्हे. इंग्लंडच्या २००१च्या जनगणनेतली माहिती तपासणारा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. किनाऱ्याजवळ राहणारे लोक आपली तब्येत चांगली असल्याचं किंचित जास्त प्रमाणात सांगतात, असं त्यात दिसलं. फरक लहान होता, पण गरीब वस्त्यांमध्ये तो जास्त होता. मला ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची वाटते. ज्यांच्या दारात बाग नाही, ज्यांना क्लबाचं सभासदत्व नाही, त्यांनाच फुकटच्या मोकळ्या जागेचा उपयोग जास्त होणार.

बरं, किनाऱ्याची मजा युरोपातल्या डॉक्टरांनी शोधून काढली असंही कुणी समजू नये. रसेलच्या प्रबंधानंतर तीसेक वर्षांत जेम्स कुकच्या जहाजांवरची मंडळी हवाई बेटांवर पोचली, तेव्हा तिथली माणसं लाकडी फळ्यांवरून फुटत्या लाटांवर घसरत येत होती. त्यांना कुणी औषध म्हणून तसं करायला सांगितलेलं नव्हतं.

मग ओढ कशाची? किनाऱ्यावर लक्ष गुंतून राहतं, पण कामाला जुंपलं जात नाही, हे मला त्यातलं मुख्य वाटतं. लाट फुटण्याचा आवाज घ्या. तो नुसता पाण्यावर पाणी आदळल्याचा नसतो. फुटताना लाट हवा कोंडून घेते, त्या हवेचे असंख्य बुडबुडे थरथरतात आणि आवाजाचा मोठा भाग त्यांचा असतो. लहान बुडबुडा बारीक वाजतो, मोठा जाड. त्यामुळे दोन लाटा अगदी सारख्या वाजत नाहीत. पुढची लाट कधी येईल, केवढी असेल, याचा अंदाज बांधता येतो आणि तो दर वेळी थोडासा चुकतो. मनाला तेवढं पुरतं.

आणि पायाखालची ओली वाळू. लाट नुकतीच ओसरलेल्या जागी पाऊल टाकलं की पावलाभोवतीची वाळू क्षणभर फिकी पडते, जणू एकदम सुकली. पाऊल उचललं की खळग्यात पाणी दिसतं. हे कितीतरी पिढ्यांनी पाहिलं असेल. त्याचं कारण ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ साली सांगितलं. लाटांनी ठोकून ठोकून वाळूचे कण एकमेकांत घट्ट बसवलेले असतात. वजन पडलं की कणांना सरकावं लागतं, आणि सरकण्यासाठी एकमेकांवर चढून थोडं दूर व्हावं लागतं. मधल्या फटी वाढतात, वरचं पाणी त्यांत ओढलं जातं, पृष्ठभाग कोरडा दिसतो. दाबली की फुगणारी वस्तू रोज कुठे हाताला लागते? लहान मूल अशा वाळूवर नुसते पाय आपटत कितीही वेळ राहू शकतं, त्याला दुसरं खेळणं द्यावं लागत नाही. वाळूचा किल्ला उभा राहतो तोही कणाकणांमध्ये अडकलेल्या पाण्याच्या पातळ पुलांमुळे. कोरडी वाळू ढासळते, पाणी जास्त झालं तरी ढासळते. नेमकं प्रमाण पोरं हातानेच शिकतात. संध्याकाळी भरती किल्ला घेऊन जाते. त्याबद्दल कुणी तक्रार गुदरत नाही.

यातलं काहीही फरशीवर घडत नाही. त्याला ओली, सपाट, रुंद वाळू लागते, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

ओढीचं दुसरं कारण माणसामाणसांतलं आहे. किनाऱ्यावर 'काय काम आहे?' असं कुणी विचारत नाही. एरवी काही न करता उभं राहिलेल्या माणसाचा संशय येतो. दुकानात घुटमळला तर विक्रेता जवळ येतो, इमारतीच्या फाटकाशी थांबला तर रखवालदार हटकतो. पाण्याकडे बघत तासभर बसलेल्याकडे मात्र कुणी वळूनही बघत नाही. विजार गुडघ्यापर्यंत दुमडली की हुद्दाही बराचसा उतरतो. आजोबा आणि नात, दोघंही लाट आली की सारखीच मागे पळतात. शहरं पैसे खर्चून ज्या 'सार्वजनिक जागा' घडवू पाहतात त्यांना हे क्वचित साधतं, आणि इथे ते कुणी न घडवता झालेलं आहे.

कुणी न घडवता म्हटलं, तरी त्याला कायद्याचा आधार आहे आणि तो फार जुना आहे. रोमन सम्राट जस्टिनियन याच्या आज्ञेवरून इ.स. ५३३ मध्ये कायद्याचं जे पाठ्यपुस्तक तयार झालं, त्यात म्हटलं आहे की हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि म्हणून समुद्राचा किनारा या गोष्टी निसर्गतःच सर्वांच्या आहेत. किनारा कुठवर? हिवाळ्यातली सगळ्यात मोठी लाट जिथवर पोचते तिथवर. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या कायदेपंडितांना दोन गोष्टी कळल्या होत्या. किनाऱ्याची हद्द पाण्याने आखायची, आणि तीही निवांत दिवसाच्या पाण्याने आखायची नाही. सरकार अशा संपत्तीचं मालक नसून विश्वस्त असतं, हे तत्त्व याच मुळापासून वाढलं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बियास नदीच्या पात्राशी संबंधित प्रकरणात हे विश्वस्ताचं तत्त्व आपल्या कायद्याचा भाग असल्याचं सांगितलं, आणि ते सांगताना समुद्रकिनाऱ्याचाही उल्लेख केला.

तत्त्व पुस्तकात असतं, वाळूवर ते दर पिढीला नव्याने मांडावं लागतं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याची गोष्ट यासाठी मला फार आवडते. १९१३ साली तिथले गव्हर्नर ऑस्वाल्ड वेस्ट यांनी एक शक्कल लढवली. किनारा वाचवायचा आहे असं म्हटलं असतं तर जमीनदार अंगावर आले असते. त्यांनी भरती-ओहोटीच्या मधला ओला पट्टा कायद्याने 'सार्वजनिक हमरस्ता' ठरवून घेतला. ओहोटीच्या घट्ट वाळूवरून तेव्हा खरोखरच वाहतूक चालायची, त्यामुळे विरोधाला धार आली नाही. हमरस्ता कुणी विकत घेऊन बंद करू शकत नाही, किनारा वाचला.

अर्धाच वाचला, हे नंतर कळलं. सतरंजी अंथरून माणसं बसतात ती कोरडी वाळू कायद्यातून निसटली होती. १९६६ साली एका मोटेलच्या मालकाने आपल्यासमोरच्या कोरड्या वाळूला अडसर घातला आणि आत फक्त स्वतःची गिऱ्हाइकं बसवली. लोक खवळले. पुढच्या वर्षी विधेयक आलं, ते समितीत रखडलं, तेव्हाचे गव्हर्नर टॉम मॅकॉल हेलिकॉप्टरने थेट वाळूवर उतरले आणि जनतेची हद्द कुठवर असावी हे सर्वेक्षकांना घेऊन, बातमीदारांच्या देखत, जागेवर दाखवून दिलं. विधेयक १९६७ मध्येच मंजूर झालं. प्रकरण न्यायालयात गेलं तेव्हा १९६९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला तो वहिवाटीच्या आधारावर. या वाळूवर माणसं कुणाची परवानगी न घेता, कुणी न अडवता वावरत आली आहेत, आणि तिथले मूळ रहिवासी तर राज्य स्थापन होण्याच्या कितीतरी आधीपासून. फिरायला येणाऱ्यांनी, शिदोरी सोडून बसणाऱ्यांनी, शेकोटीला वाहून आलेली लाकडं गोळा करणाऱ्यांनी, कसलाही अर्ज न करता एक हक्क कमावला होता. नुसतं बसणं हे किती मोठं काम असू शकतं बघा.

सगळ्यांचा किनारा म्हणताना कुणाला तरी वगळण्याची खोडही जगभर आहे. अमेरिकेतल्याच मिसिसिपी राज्यात बिलॉक्सीच्या किनाऱ्यावर सुमारे ४० किलोमीटर लांबीची वाळू १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी पैशाने टाकलेली होती. तरी काळ्या नागरिकांना तिथे मज्जाव होता. १९५९ मध्ये गिल्बर्ट मेसन नावाचे डॉक्टर काही मुलामाणसांना घेऊन तिथल्या पाण्यात उतरले. पुढच्या वर्षी, २४ एप्रिल १९६० रोजी, शंभरावर माणसं उतरली तेव्हा जमावाने त्यांना काठ्या आणि साखळ्यांनी झोडपलं. खटले चालून किनारा खुला व्हायला १९६८ साल उजाडलं. दक्षिण आफ्रिकेतले वर्णानुसार वाटलेले किनारे नोव्हेंबर १९८९ मध्ये सर्वांना खुले झाले, नेल्सन मंडेला तुरुंगातून बाहेर येण्याच्या जेमतेम तीन महिने आधी. मताचा हक्क, शाळा, नोकऱ्या असे डोंगराएवढे प्रश्न समोर असताना माणसं पाय भिजवण्यासाठी मार खायला तयार झाली. जिथे कुणी काही विचारत नाही अशा जागेवरूनच हाकललं जाणं, याहून स्पष्ट अपमान तो कोणता?

आता दारावर पाटी नसते, दरपत्रक असतं. ग्रीसमधल्या पारोस बेटावर २०२३च्या उन्हाळ्यात रहिवासी टॉवेल घेऊन रस्त्यावर आले, किंवा खरं म्हणजे वाळूवर आले. भाड्याच्या खुर्च्यांनी किनारा इतका व्यापला होता की स्वतःचा टॉवेल अंथरायला जागा उरली नव्हती. चळवळ टॉवेलच्याच नावाने ओळखली गेली, इतर बेटांवर पसरली, आणि पुढच्या वर्षी सरकारला नियम कडक करावे लागले. इटलीत किनाऱ्याचे पट्टे खासगी स्नानकेंद्रांना वर्षानुवर्षं त्याच त्याच हातांत दिले जातात, यावरून तिथलं सरकार आणि युरोपीय संघ यांची ओढाताण चाललेली आहे. खुर्ची भाड्याने देणाऱ्याशी माझं वैर नाही. माझ्या पाठीला ती लागते. पण खुर्ची गिऱ्हाईक आल्यावर मांडावी आणि गेल्यावर उचलावी. पहाटेपासून मांडून ठेवलेली रिकामी खुर्ची ही सोय राहत नाही, तो कब्जा होतो.

शिवाय किनारा हिंडाफिरायला येणाऱ्यांचाच आहे असं धरून चालणं हीही एक बळजबरी. होड्या ओढून ठेवायला, जाळी सुकवायला, मासळी वाळवायला तो ज्यांना लागतो ते पर्यटनाच्या आराखड्यात सहसा 'अतिक्रमण' या सदरात दिसतात. २००४च्या सुनामीनंतर श्रीलंका सरकारने सुरक्षेच्या कारणाने किनाऱ्यापासून १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात घरं पुन्हा बांधायला मनाई केली आणि हॉटेलांना मात्र सवलत ठेवली. मच्छीमाराला लाट बुडवते आणि पाहुण्याला ती बुडवणार नाही, असा तो न्याय होता. टीका झाल्यावर नियम पुढे सैल करण्यात आला.

आता वाळूकडे येतो, कारण हक्काची सगळी बाजू तिच्यावर उभी आहे. किनारा ही जागा असते असं आपण समजतो. प्रत्यक्षात ती एक हालचाल असते. वादळी ऋतूत उंच, उभ्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून थोडी खोल पाण्यात नेतात आणि तिथे तिचा बांध तयार होतो. त्या बांधावर पुढच्या लाटा आधीच फुटतात, म्हणजे किनारा स्वतःची वाळू पुढे पाठवून स्वतःचं रक्षण करतो. समुद्र निवळला की हलक्या लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. याशिवाय लाटा तिरक्या येत असल्याने वाळू किनाऱ्याच्या लांबीनेही सरकत असते. मागच्या वाळूच्या टेकड्या हा या व्यवहारातला राखीव साठा. उष्ण प्रदेशात त्यांच्यावर मर्यादवेल पसरते आणि उडती वाळू धरून ठेवते.

पदपथ बांधायचा तर नेमक्या या टेकड्या सपाट कराव्या लागतात, आणि पदपथ टिकवायचा तर त्याच्या पुढे भिंत घालावी लागते. भिंत बांधणारा सांगतो की किनारा वाचवला. त्याने वाचवलेली असते ती भिंतीमागची जमीन. साठा तुटल्यामुळे आणि भिंतीवर आपटून परतणाऱ्या लाटांमुळे पुढची वाळू बऱ्याच ठिकाणी कमी होत जाते. समुद्राची पातळी वाढली तर मोकळा किनारा मागे सरकू शकतो, भिंतीपुढच्याला मागे जायला वाट नसते. तो अरुंद होत होत एक दिवस भरतीचं पाणी थेट दगडाला भिडतं. लोकांचा हक्क मग कागदावर जसाच्या तसा असतो, फक्त तो बजावायला वाळू नसते. मोटेलच्या कुंपणाने जे एका रात्रीत केलं तेच भिंत वीस-तीस वर्षांत करते, आणि तिच्याविरुद्ध कुणी हेलिकॉप्टरने येत नाही.

एका ठिकाणी वाळू अडवायला पाण्यात आडवे बांध घातले तर शेजारचा किनारा उपाशी राहतो, मग तिथेही बांध हवा होतो. वाळू बाहेरून आणून ओतता येते. हवाईतला जगप्रसिद्ध वायकीकी किनारा गेली कित्येक दशकं अशा ओतलेल्या वाळूवर चालला आहे. पण ती पुन्हा वाहून जाते आणि पुन्हा ओतावी लागते. मुळात वाळू येते डोंगरांतून नद्यांवाटे, आणि नद्यांवर धरणं आहेत. आस्वानचं उंच धरण १९७० मध्ये पूर्ण झाल्यावर नाईलचा गाळ अडला आणि तिच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजू लागला. काही किनाऱ्यांची पांढरी वाळू प्रवाळ कुरतडणाऱ्या पोपटमाशांच्या पोटातून आलेली असते, ती तर कुठल्याच कंत्राटदाराला पुरवता येणार नाही. दुसरीकडे बांधकामासाठी जग दर वर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी उपसतं, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे. जमैकात २००८ साली तर एका किनाऱ्याची वाळू शेकडो ट्रक भरून चोरीला गेली. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात २४ टक्के वाळूचे किनारे वर्षाला अर्ध्या मीटरहून अधिक वेगाने झिजत असल्याचं दिसलं. त्याच अभ्यासात २८ टक्के किनारे वाढत असल्याचंही आहे, तेव्हा सगळे किनारे बुडाले अशी आरोळी ठोकण्यात अर्थ नाही. जिथे माणसाने वाळूचा पुरवठा तोडला आणि वर भिंत घातली तिथली गोष्ट मी करतो आहे.

दिव्यांचंही तसंच. समुद्री कासवाची पिल्लं रात्री वाळूतून बाहेर पडली की उजळ क्षितिजाकडे निघतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर उजळ बाजू म्हणजे समुद्र. पदपथाच्या दिव्यांखाली उजळ बाजू म्हणजे रस्ता. आणि यंत्राने वाळू विंचरून काढण्याचं जे स्वच्छतेचं नवं खूळ आहे, त्यात प्लास्टिकबरोबर भरतीने आणून टाकलेलं शेवाळही जातं. त्या शेवाळावर बारीक किडे जगतात, किड्यांवर पक्षी, आणि त्याच्या आडोशाला वाळू साचून नव्या टेकडीची सुरुवात होते. प्लास्टिक हाताने वेचावं. जास्त माणसं लागतील, लागू देत.

यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते खोटे नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांनी, चाकाच्या खुर्चीवर असणाऱ्यांनी वाळूपर्यंत कसं जायचं? त्यासाठी गुंडाळून ठेवता येणाऱ्या चटयांच्या वाटा असतात, वाळूत न रुतणाऱ्या रुंद चाकांच्या खुर्च्या असतात. दोन्ही गोष्टी वादळी ऋतूत उचलता येतात. बायकांनी निर्धास्त यावं म्हणून काय? स्वच्छ, चालू, पाणी असलेली शौचालयं, वाळूच्या मागे, आणि परतीची वाहनं. सुशोभीकरणाच्या आराखड्यात कारंजं असतं आणि शौचालय 'पुढच्या टप्प्यात' असतं. प्राधान्य उलटं करावं, एवढंच मागणं आहे.

सगळ्यात मोठी सोय म्हणजे जीवरक्षक. सिडनीजवळच्या मॅनलीत दिवसाउजेडी समुद्रात पोहायला बंदी असताना १९०२ साली विल्यम गोचर या स्थानिक संपादकाने जाहीरपणे ती मोडली, आणि थोड्याच काळात बंदी गेली. मग पोहता न येणारे झुंडीने पाण्यात उतरू लागले, बुडू लागले. त्यातून स्वयंसेवी जीवरक्षकांची मंडळं निघाली आणि १९०७ मध्ये त्यांची संघटना झाली. हा क्रम मला योग्य वाटतो, आधी मोकळीक आणि मग तिची जबाबदारी. बुडण्यामागचं मोठं कारण असतं किनाऱ्याकडून आत जाणारा अरुंद, जोरकस प्रवाह. तिथे लाटा फुटताना दिसत नाहीत, पाणी शांत वाटतं, म्हणून अनोळखी माणूस नेमकी तीच जागा निवडतो. त्यात सापडलं तर प्रवाहाशी झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावं. हे सांगणारा एक माणूस वाळूवर उभा असेल तर तो कुठल्याही कठड्यापेक्षा जास्त जीव वाचवील.

राहिला प्रश्न चढत्या समुद्राचा. भिंत नको तर काय, असं विचारलं जातं. दाट वस्तीच्या बंदरांना भिंत लागेल, ते नाकारण्यात हशील नाही. इतरत्र नेदरलँड्सचं उदाहरण घ्या. समुद्राशी लढण्यात ज्यांची हयात गेली त्या देशाने २०११ साली हेगजवळ २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एकाच जागी समुद्रात पुढे काढून टाकली आणि ती किनाऱ्याच्या लांबीने पसरवण्याचं काम वारा आणि लाटांवर सोडलं. त्यावर कठडा नाही. आणि जिथे हेही परवडत नाही तिथे मागे सरकणं हाच उपाय, तो वेळेवर केला तर स्वस्त पडतो.

वेळेवर न केल्याचा नमुना फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर सुलाक-सुर-मेर इथे आहे. 'ल सिन्याल' नावाची सदनिकांची इमारत तिथे १९६०च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली तेव्हा समुद्र सुमारे २०० मीटर दूर होता. २०१४ मध्ये ती रिकामी करावी लागली, कारण मधली वाळू जवळजवळ संपली होती. भरपाईचा वाद वर्षानुवर्षं चालला, शेवटी पैसे सरकारी तिजोरीतून गेले, आणि २०२३ मध्ये इमारत पाडली. समुद्राचं दर्शन विकून नफा कमावणारे तोवर केव्हाच निघून गेले होते. किनाऱ्यालगत नवं पक्कं बांधकाम मंजूर करताना ते पाडायचा आणि जागा पूर्ववत करायचा खर्च कोण देणार, हे म्हणूनच आधी लिहून घ्यावं आणि तेवढी रक्कम आधीच जमा करून घ्यावी. पदपथालाही ही अट लावावी, कारंजालाही आणि त्या भल्या मोठ्या अक्षरांनाही. त्यानंतर सुशोभीकरणाचे किती आराखडे टेबलावर उरतात, ते बघायला मला आवडेल.